सुटीं पत्रें कीं एकत्र गठ्ठा ?

पोस्टमन दिवसांतून एकदां आलेला बरा कीं पन्नास वेळां आलेला बरा, हा प्रश्न आमच्या आजोबांस कोणी विचारला असता, तर त्यांनीं तो हंसण्यावारी नेला असता. ज्या पोस्टमनाची वाट पाहण्यांत अर्धा दिवस जावयाचा, त्यानें पन्नास वेळां दार ठोठवावें ही कल्पनाच त्यांस करतां आली नसती. परंतु ई-मेलचें टपाल सुरू झाल्यापासून हा प्रश्न विनोदाचा राहिला नाहीं. ज्यानें ज्यानें एखाद्या मेलिंग लिस्टमध्यें आपलें नांव नोंदविलें आहे, त्याच्यापुढें तो पहिल्याच दिवशीं एका लहानशा चौकटीच्या रूपानें उभा राहतो : तुम्हांस पत्रें सुटीं पाठवावीं कीं गठ्ठा करून ? बहुतेक लोक न वाचतां, हाताला येईल त्या चौकटींत खूण करतात व पुढें जातात. त्या एका खुणेमुळें पुढें काय काय घडतें, तें या लेखांत सांगण्याचा विचार आहे.

मेलिंग लिस्ट म्हणजे काय, हें आमच्या लहान वाचकांस थोडें समजावून सांगितलें पाहिजे. कारण त्यांच्या हातीं व्हॉट्सॲपचे ग्रूप आधीं आले आणि ही जुनी पद्धति त्यांनीं कदाचित् पाहिलीहि नसेल. एखाद्या विषयाची आवड असलेल्या माणसांच्या ई-मेल पत्त्यांची यादी एका संगणकावर ठेवलेली असते, आणि त्या यादीलाच स्वतःचा एक पत्ता असतो. त्या पत्त्यावर एकानें पत्र धाडलें कीं तो संगणक त्याच्या प्रती काढून यादींतल्या प्रत्येकाकडे रवाना करतो. कोणी त्यास उत्तर दिलें तर तेंहि सर्वांस मिळतें. पक्षिनिरीक्षक, गणिताचे अभ्यासक, संगणकाच्या प्रणाली लिहिणारे, एका गांवचे पण देशोदेशीं पांगलेले लोक, अशा अनेकांच्या याद्या आहेत. कांहीं याद्यांवर आठवड्याला दोन पत्रें येतात, तर लिनक्स या प्रणालीच्या गाभ्याचें काम ज्या यादीवर चालतें, तिच्यावर एकेका दिवसांत हजाराच्या घरांत पत्रें येतात.

यादीची व्यवस्था पाहणारा संगणक हीं पत्रें दोन रीतींनीं पोहोंचवूं शकतो. पहिल्या रीतींत पत्र आलें कीं तत्काळ त्याची प्रत तुमच्याकडे निघते. यास आपण सुटें टपाल म्हणूं. दुसऱ्या रीतींत तो पत्रें सांठवून ठेवतो, आणि ठराविक वेळ झाली किंवा ठराविक आकार भरला म्हणजे तीं सगळीं एकाखालीं एक लावून, वर अनुक्रमणिका देऊन, एकच मोठें पत्र करून पाठवितो. त्यास डायजेस्ट असें नांव आहे. आपण त्यास गठ्ठा म्हणूं. डायजेस्ट या शब्दावरून आंत पत्रांचा सारांश असतो असा पुष्कळांचा समज होतो, पण तसें नाहीं. आंतील मजकूर जसाच्या तसा असतो. यंत्राचें काम केवळ बांधणीचें.

ही निवड ई-मेलहून कितीतरी जुनी आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत युरोपांत शास्त्रीय नियतकालिकें नव्हतीं. त्या वेळीं पॅरिस येथें मारँ मेर्सेन नांवाचे एक धर्मगुरु राहत असत. देकार्त, फेर्मा यांसारख्या पंडितांशीं त्यांचा पत्रव्यवहार असे, आणि एकाचें म्हणणें दुसऱ्यास, दुसऱ्याचें तिसऱ्यास, असें ते अखंड कळवीत असत. हें सुटें टपाल होय. मेर्सेन १६४८ सालीं वारले. पुढें लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांच्याकडे अशाच पत्रांचा ओघ सुरू झाला. पण त्यांनीं निराळा मार्ग काढला. १६६५ सालच्या मार्च महिन्यांत त्यांनीं त्या पत्रांतील मजकूर व इतर शास्त्रीय वृत्तें एकत्र छापून 'फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स' हें नियतकालिक काढलें. हा गठ्ठा होय. गठ्ठ्यामुळें वाचक वाढले आणि लिहिलेलें टिकलें, हा लाभ थोडा नव्हे. परंतु मेर्सेनच्या पत्रास देकार्त उलट टपालीं उत्तर देऊं शकत असे. छापील अंकाच्या वाचकानें संपादकास लिहावयाचें आणि पुढील अंकाची वाट पाहत बसावयाचें. वर्तमानपत्रांतील वाचकांच्या पत्रव्यवहाराचें सदर पाहिलें म्हणजे ही गोष्ट आजहि ध्यानांत येते. तेथें वाद होतात, पण ते मंदगतीनें होतात. आणि सकाळच्या चहाबरोबर वाचावयास ते तसेच बरे वाटतात.

संगणकावरील गठ्ठ्याची जन्मकथाहि थोडी सांगण्यासारखी आहे. १९७१ सालीं अमेरिकेंत रे टॉमलिन्सन यांनीं आर्पानेट या जाळ्यावर एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठवून दाखविलें. १९७५ सालीं त्याच जाळ्यावर एमएसजी-ग्रूप ही यादी निघाली, आणि गंमत अशी कीं तिच्यांतील चर्चेचा विषय ई-मेल हाच होता. १९७९ च्या सुमारास विज्ञानकथांच्या चाहत्यांनीं एसएफ-लव्हर्स नांवाची यादी काढली. ती इतकी फोफावली कीं तेव्हांच्या संगणकांस तिचा भार जड होऊं लागला. प्रत्येक पत्र शेंकडों पत्त्यांवर वेगवेगळें धाडण्यापेक्षां दिवसभराचीं पत्रें बांधून एकदांच धाडलीं तर यंत्राचें काम पुष्कळ हलकें होई. तेव्हां गठ्ठा हा आरंभीं वाचकाच्या सुखासाठीं जितका निघाला, त्याहून अधिक यंत्राच्या सुखासाठीं निघाला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

मात्र त्या वेळच्या गठ्ठ्यांस बहुधा एक संपादक असे. १९८५ सालीं पीटर न्यूमन यांनीं 'रिस्क्स डायजेस्ट' सुरू केला. संगणकांमुळें उद्भवणारे धोके हा त्याचा विषय. न्यूमन आलेल्या पत्रांतून निवड करीत, त्यांची मांडणी करीत, मधून मधून आपली टीपहि देत. असा गठ्ठा म्हणजे एक मासिकच होय, आणि तो गठ्ठा म्हणूनच वाचावयाचा असतो. पुढें हें बांधणीचें काम यंत्राकडे गेलें व संपादक नाहींसा झाला. १९९० सालीं आरएफसी ११५३ या टिपणांत बांधणीची रीत लिहून ठेवण्यांत आली : आरंभीं प्रस्तावना, तिच्याखालीं ७० संयोगचिन्हांची एक ओळ, मग दर दोन पत्रांच्या मध्यें ३० संयोगचिन्हांची ओळ, आणि शेवटीं समाप्तीची खूण. अशी पक्की चौकट ठरल्यामुळें वाचकाच्या संगणकास गठ्ठा पुन्हां सोडून पत्रें वेगळीं करतां येऊं लागलीं. आपण आज ज्या गठ्ठ्याविषयीं बोलत आहों तो हा यंत्राचा गठ्ठा. त्यांत कोणी निवड केलेली नसते. मौल्यवान् पत्र व 'धन्यवाद' एवढाच मजकूर असलेलें पत्र एकाच दोरींत बांधलेलीं असतात.

आतां आमच्या शेजारच्या एका मुलाची हकीकत सांगतों. अकरावींत शिकणारा हा मुलगा संगणकावरील देवनागरी अक्षरांच्या मांडणीविषयीं चर्चा करणाऱ्या एका यादींत सामील झाला. नांव नोंदवितांना घरच्या मंडळींनीं माझा सल्ला विचारला, आणि अभ्यासांत व्यत्यय नको म्हणून मींच गठ्ठ्याच्या चौकटींत खूण करावयास सांगितलें. दोन महिने मुलगा नुसता वाचीत होता व सर्व सुरळीत चाललें होतें. मग एके रविवारीं सकाळीं त्यानें धीर करून आपला पहिला प्रश्न यादीवर पाठविला. एका विशिष्ट टंकांत रफार भलत्याच अक्षरावर कां जाऊन बसतो, असा तो प्रश्न होता. प्रश्न चांगला होता, आणि तो चांगला असल्यामुळें त्यास उत्तरेंहि लवकर आलीं. पाऊण तासांत एका अनुभवी गृहस्थांनीं उलट विचारलें कीं, तुमच्याकडे त्या टंकाची आवृत्ति कोणती ? दुसऱ्यानें परीक्षेसाठीं चार शब्द लिहून पाहावयास सांगितलें. तिसऱ्यानें, तुम्हांस स्वतः हा दोष दुरुस्त करून पाहावयाचा असेल तर मी वाट दाखवितों, असें कळविलें. हें सारें दुपारीं एक वाजण्यापूर्वीं घडलें. तिघांचींहि पत्रें केवळ यादीच्या पत्त्यावर गेलीं होतीं. म्हणून यादींतल्या इतरांस तीं दिसत होतीं, आणि ज्यानें विचारलें त्यालाच दिसत नव्हतीं. तो रात्रीपर्यंत दहा वेळां आपली टपालपेटी उघडून पाहत होता, आणि आपल्याकडे कोणी ढुंकूनहि पाहिलें नाहीं अशी त्याची खात्री होत चालली होती.

रात्रीं उशीरा गठ्ठा आला. त्यांत आपल्या नांवानें लिहिलेलीं तीन पत्रें पाहून मुलाला कोण आनंद झाला ! त्या भरांत त्यानें उत्तर देण्याची कळ दाबली, तीन ओळी लिहिल्या आणि पत्र धाडून दिलें. परंतु त्यानें उत्तर दिलें तें गठ्ठ्याला. त्यामुळें विषयाच्या जागीं रफाराचें नांवहि न राहतां यादीचें नांव, खंडाचा आंकडा व अंकाचा आंकडा एवढेंच राहिलें; आणि त्याच्या तीन ओळींखालीं त्या दिवसाचीं सगळीं एकोणीस पत्रें शेपटासारखीं लोंबत गेलीं. ज्यांनीं त्यास विचारलें होतें, त्यांतल्या दोघांनीं तें पत्र उघडलेंच नाहीं. एका चौथ्याच सभासदानें तें उघडलें, आणि नियम न वाचतां लिहिणाऱ्या नवशिक्यांविषयीं चार कडक शब्द सर्वांसमक्ष सुनावले. त्यानंतर तीन आठवडे त्या मुलानें यादीचें नांव काढलें नाहीं. सोळा वर्षांच्या मुलानें अनोळखी जाणत्या माणसांपुढें प्रथमच तोंड उघडावें, आणि त्याचा शेवट असा व्हावा, याचें मला फार वाईट वाटलें. घाई त्याची होती, पण खूण माझी होती.

त्या उत्तराचा असा बोजवारा कां उडाला, हें पाहूं. प्रत्येक ई-मेल पत्रावर, वरवर न दिसणारी, एक स्वतंत्र ओळखखूण असते. जगांतल्या कोणत्याहि दोन पत्रांची खूण सारखी असूं नये असा संकेत आहे. तुम्ही एखाद्या पत्रास उत्तर देतां तेव्हां तुमच्या पत्रांत त्या मूळ पत्राची खूण आपोआप लिहिली जाते. कोणतें उत्तर कोणत्या प्रश्नाचें, हें वाचणाऱ्याच्या संगणकास याच खुणांवरून कळतें, आणि तो तीं पत्रें माळेंतल्या मण्यांप्रमाणें एका धाग्यांत ओंवून दाखवितो. गठ्ठ्यास मात्र गठ्ठा म्हणून स्वतःची वेगळी खूण असते. त्याला दिलेल्या उत्तरांत ती गठ्ठ्याचीच खूण जाते. ज्यांच्याकडे सुटीं पत्रें आलीं आहेत त्यांनीं तो गठ्ठा पाहिलेलाहि नसतो. म्हणून त्यांच्या संगणकाला या उत्तराचा आगापिछा लागत नाहीं व तें पत्र वाट चुकलेल्या पोराप्रमाणें एकीकडे उभें राहतें. गठ्ठ्याच्या आंत पाहिलें तर मूळ पत्राची खूण बहुधा छापलेली सांपडते; पण उत्तराची कळ तिच्याकडे पाहत नाहीं. 'मेलमन' या बहुप्रचलित प्रणालीच्या प्रत्येक गठ्ठ्यांत आरंभींच अशी सूचना असते कीं, उत्तर देतांना विषयाची ओळ बदलून नेमकी करा. ही सूचना किती जण वाचतात हें कोणत्याहि जुन्या यादीवर चार दिवस काढले म्हणजे समजतें.

यांतून एक पळवाट आहे. १९९२ सालीं माइम या नांवाचे जे नियम ठरले, त्यांत गठ्ठ्याची एक सुधारलेली जात सांगितली आहे. तिच्यांत प्रत्येक पत्र आपापल्या पाकिटांतच राहतें व सगळीं पाकिटें एका मोठ्या पाकिटांत घातलेलीं असतात. तुमच्या संगणकावरील पत्रवाचक प्रणाली हुषार असेल तर आंतलें एकच पाकीट उघडून त्यालाच उत्तर देतां येतें, आणि धागा तुटत नाहीं. साध्या गठ्ठ्यांत आणखी एक उणीव असते. पत्रासोबत चित्र किंवा इतर कांहीं जोडलें असेल तर तें बहुधा काढून ठेवलेलें असतें व त्याच्या जागीं तें कोठें मिळेल याचा पत्ता तेवढा दिलेला असतो. फुलपांखरांच्या किंवा पक्ष्यांच्या यादींत असा गठ्ठा घेणें म्हणजे चित्रांच्या पुस्तकांतलीं चित्रें फाडून मग तें वाचणें होय. तेव्हां गठ्ठा घ्यावयाचाच असेल तर, निवड असल्यास, माइमचा घ्यावा.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं मी गठ्ठ्याचा वैरी आहें. तसें मुळींच नाहीं. आपल्या देशांत १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें सर्वसामान्य लोकांसाठीं इंटरनेट खुलें केलें, तेव्हां तें टेलिफोनच्या तारेवरून यावयाचें. दर मिनिटास पैसे पडत, आणि घरांतल्या कोणाला फोन करावयाचा असला कीं तार सोडावी लागे. अशा वेळीं एक गठ्ठा उतरवून घ्यावा, तार मोकळी करावी, आणि मग निवांतपणें वाचीत बसावें, यासारखें सुख नव्हतें. आज तो खर्च राहिला नाहीं, पण दुसरा एक खर्च आला आहे, आणि तो लक्षाचा आहे. खिशांतला फोन दर पत्रागणिक कुरकुरतो. गणिताचें उदाहरण अर्ध्यावर असतांना तो सात वेळां कुरकुरला, तर पत्र एकहि न वाचतांसुद्धां उदाहरण सात वेळां मोडतें.

या खर्चाचा मला जो अनुभव आला तोहि सांगितला पाहिजे, म्हणजे न्याय होईल. शेजारच्या मुलाच्या प्रकरणानंतर मीं अपराधी मनानें माझ्या स्वतःच्या सातहि याद्या सुट्या टपालावर आणल्या. पंधरा दिवस मोठ्या हौसेनें सारें वाचलें. मग रोज दीड-दोनशें पत्रें सांठूं लागलीं, आणि मी वरवर नजर टाकून पुढें सरकवूं लागलों. त्याच ढिगांत आमच्या वडील बंधूंचें पत्र होतें. आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया ठरलेल्या दिवसाच्या आधींच करावयाचें ठरलें आहे, तरी निघून ये, असें त्यांत लिहिलें होतें. तें पत्र माझ्या पेटींत तीन दिवस न उघडलेलें पडलें होतें. मी पोहोंचलों तेव्हां आईच्या डोळ्यावरची पट्टीहि निघाली होती. ती कांहीं बोलली नाहीं. दादा मात्र बोलले, आणि त्यांचें बरोबर होतें. इतक्या लोकांचीं पत्रें वाचतोस, त्यांत घरचें एक वाचावयाला काय झालें, या त्यांच्या प्रश्नास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

या दोन प्रसंगांनंतर माझें मत बनलें आहे तें असें. कोणत्या यादीवर किती पत्रें येतात हा प्रश्न दुय्यम होय. आपण त्या यादींत काय करावयास गेलों आहों, हा पहिला. ज्या सभेंत आपण बोलणार आहों तेथें हजर राहिलें पाहिजे. जिचा वृत्तान्त वाचून आपलें भागतें तिचा वृत्तान्त मागवावा. ज्या यादीवर तुम्ही प्रश्न विचारतां, उत्तरें देतां, एखादें काम चौघांच्या साह्यानें करीत आहां, तेथें सुटें टपालच घ्या, मग पत्रें दिवसाला शंभर कां येईनात. ज्या यादीवर तुम्ही केवळ श्रोते आहां, तेथें गठ्ठा घ्या, मग पत्रें पांचच कां असेनात. जेथें बातमी शिळी झाली कीं निरुपयोगी होते, तेथेंहि गठ्ठा कामाचा नाहीं. आज सकाळीं तळ्यावर दुर्मिळ पक्षी उतरला आहे, हें वर्तमान उद्यां वाचून काय करावयाचें ?

आणि ही निवड एकदांच करून सर्व याद्यांस लावावयाची नसते. प्रत्येक यादीस ती वेगळी करतां येते, व हवी तेव्हां बदलतां येते. परीक्षेच्या महिन्यांत गठ्ठा, सुटींत सुटीं पत्रें, असें करावयास कोणाची मनाई नाहीं. बऱ्याच याद्यांवर एक तिसरीहि सोय असते. सभासदत्व कायम ठेवून पत्रें मात्र तात्पुरतीं बंद करतां येतात व मागाहून यादीच्या संग्रहांत जाऊन वाचतां येतात. वार्षिक परीक्षेस बसणाऱ्यांनीं ही सोय अवश्य ध्यानांत ठेवावी.

सुटें टपाल घ्यावें पण घरचीं पत्रें बुडूं नयेत, यासाठीं एक उपाय आहे, आणि तो मला दादांचे बोल खाल्ल्यावर सुचला याची लाज वाटते. २००१ सालीं असा नियम ठरला कीं यादीवरून येणाऱ्या प्रत्येक पत्रावर त्या यादीची एक कायमची निशाणी असावी. तुमच्या टपालपेटीस आज्ञा देऊन ठेवा कीं, अमुक निशाणीचें पत्र आलें कीं तें अमुक कप्प्यांत परस्पर टाक, आणि त्याबद्दल मला हांक मारूं नकोस. मग दर्शनी पेटींत फक्त तुमच्या नांवानें आलेलीं पत्रें राहतात. यादीचीं सुटीं पत्रें आपापल्या कप्प्यांत धागेवार लागलेलीं असतात, आणि तुम्हांस सवड होईल तेव्हां तुम्ही तो कप्पा उघडतां. गठ्ठ्याची शांतता व सुट्या पत्राची सोय दोन्ही यांत साधतात. नको असलेला एखादा वाद न वाचतां पुसून टाकतां येतो. गठ्ठ्यांत तो पानेंच्या पानें ओलांडून जावें लागतें. सहा महिन्यांनीं एखादें पत्र शोधावयाचें झालें तर तें त्याच्या विषयावरून सांपडतें. गठ्ठ्यांचे नुसते आंकडेच डोळ्यांपुढून जातात. ज्याला हा कप्प्यांचा उपाय जमतो त्यानें गठ्ठ्याच्या वाटेस फारसें जाऊं नये, असेंच मी म्हणेन. पण तो करावयास अर्धा तास बसावें लागतें, आणि पुष्कळांस तो अर्धा तास वर्षानुवर्षें मिळत नाहीं.

मराठींत पत्रव्यवहार करणाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट लक्षांत घ्यावी. मेलमन प्रणालीच्या प्रचलित आवृत्त्यांत मूळ व्यवस्था अशी असे कीं, सांठलेल्या पत्रांचा आकार ३० किलोबाइटच्या वर गेला कीं गठ्ठा लगेच निघावा, आणि तितका भरला नाहीं तरी दिवसांतून एकदां, दुपारीं बारा वाजतां, असेल तेवढा निघावा. इंग्रजी मजकुरांत ३० किलोबाइट म्हणजे सुमारें तीस हजार अक्षरें. परंतु युनिकोडच्या नेहमींच्या लेखनपद्धतींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेतें. आणि आपल्या लिपींत काना, मात्रा, वेलांटी हीं सारीं निराळीं चिन्हें धरलीं जातात. म्हणजे तीच थैली दहा हजार चिन्हांतच भरते. परिणाम असा कीं, मराठी यादीचा 'रोजचा' गठ्ठा दिवसांतून तीन-चार वेळां दारीं येऊन उभा राहूं शकतो, आणि ज्यासाठीं तो मागितला तो हेतूच फसतो. यादीच्या व्यवस्थापकानें ही मर्यादा वाढवून घेतली म्हणजे झालें. पण त्याला तें कोणीतरी सांगावें लागतें. गूगल ग्रूप्समध्यें आकाराऐवजीं संख्या पाहतात. तेथील गठ्ठ्यांत पंचवीसपर्यंत पत्रें बांधतात, म्हणून तेथें ही अडचण नाहीं. दुपारच्या बारांचेंहि एक लक्षांत ठेवावें. ते बारा यादी ज्या संगणकावर आहे त्याच्या घड्याळाचे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बारा वाजतात तेव्हां आपल्याकडे ऋतुमानाप्रमाणें रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा झालेले असतात. आमच्या शेजारच्या मुलाचा गठ्ठा रात्रीं कां आला, त्याचें कारण हेंच.

देशोदेशीं पांगलेल्या माणसांच्या यादींत घड्याळांचा हा फरक गठ्ठ्याच्या पथ्यावर पडतो. गोव्याचे लोक जगभर आहेत. त्यांच्यासाठीं १९९४ सालीं हर्मन कार्नेरो या तरुणानें 'गोवानेट' ही यादी सुरू केली, व तिचे गठ्ठेहि निघूं लागले. अशा यादींत टोरांटोचा माणूस लिहावयास बसतो तेव्हां पणजी झोंपलेली असते, आणि लंडनचा माणूस उत्तर देतो तेव्हां टोरांटोस पहांट झालेली नसते. सुटें टपाल घेणाऱ्याचा फोन अहोरात्र वाजत राहणार. उलट ज्याला फक्त गांवाकडची खबर, कोणाचें लग्न, कोठल्या पुलाचा वाद, एवढें वाचावयाचें आहे, त्यास रोजचा एक गठ्ठा म्हणजे घरच्या वर्तमानपत्राचा अंकच.

पालकांस एक विनंति आहे. मुलाच्या पत्रांचा आवाज नको म्हणून, विचार न करतां, गठ्ठ्याची खूण करावयास लावूं नये, जशी मीं लावली. तो त्या यादींत वाचतो कीं लिहितो, एवढें त्याला विचारावें. वाचीत असेल तोंवर गठ्ठा ठीक आहे. ज्या दिवशीं तो आपला पहिला प्रश्न पाठवूं पाहील, त्या दिवशीं आधीं चौकट बदलावी आणि मग प्रश्न पाठवावा. फोनचा आवाज बंद करणें हें वेगळें काम आहे व तें वेगळेंच करतां येतें.

चौकट बदलणें सोपें आहे. यादीच्या पत्रांच्या तळाशीं बहुधा तिच्या पानाचा पत्ता असतो. तेथें आपला पत्ता व परवलीचा शब्द देऊन आंत गेलें कीं ही निवड समोर दिसते. एवढेंच ध्यानांत ठेवावें कीं, गठ्ठा बंद केल्यावरहि तोंवर सांठलेलीं पत्रें घेऊन एक शेवटचा गठ्ठा येऊं शकतो. तो आला म्हणजे आपली खूण लागली नाहीं असें समजून पुन्हां चौकटीस हात लावूं नये. आमच्या शेजारच्या मुलानें नेमकें तसें केलें, तो परत गठ्ठ्यावर गेला, आणि रफाराचा धागा पुन्हां हातीं धरावयास त्यास आणखी एक दिवस थांबावें लागलें.